मुलांच्या उंचीचं स्मारक

लाकडी पाटावर उभा असलेला हा शाडूचा जवान जेमतेम फूटभर उंच आहे. दादरच्या एका शाळेच्या आवारात व्हायच्या युद्धस्मारकाचा हा नमुना. प्रमाण एकास सहा. म्हणजे कांस्यात ओतल्यावर जवान होईल सहा फुटी.

त्याच्यासमोर पाठीला दप्तर लावलेली आठ इंचांची मुलगी दिसते ना, ती स्मारकात नसेल. तिसरी-चौथीतली पोर इथे आली तर तिला काय दिसेल, हे पाहायला शिल्पकाराने ती घडवली.

पहिल्या कच्च्या नमुन्यात चौथरा प्रत्यक्षात पाच फुटांचा होईल असा होता. तिच्या नजरेला पडायचे ते फक्त बूट. आता चौथरा पायरीएवढाच आहे. शहीद माजी विद्यार्थ्यांची नावं काळ्या ग्रॅनाइटवर, बरोबर तिच्या डोळ्यांसमोर येतील. तीही हुद्द्याप्रमाणे नाहीत, शाळा सोडली त्या वर्षाप्रमाणे. मला हा निर्णय सगळ्यात मोलाचा वाटतो. शाळेच्या हजेरीपटावर कुणी सुभेदार नव्हता, कुणी मेजर नव्हता.

मातीच्या आत लोखंडी सळई आहे. तिला तारेने लाकडी फुल्या बांधल्यात, ओली माती खाली घसरू नये म्हणून. काम थांबलं की वर ओलं फडकं.

नमुना मोठा करताना उंची सहापट होते, आकारमान मात्र २१६ पट. इथे सहज तोललेला, पुढे आलेला हात तिथे खांद्याच्या सांध्याला जड जातो. म्हणून रायफल अंगालगत घेतली आहे. शिवाय मुलं लोंबकळणार, हेही धरलेलं आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजून फुगतं, त्यामुळे पुतळ्यातली चौकट स्टेनलेस स्टीलची असेल.

मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या २००० हून अधिक खलाशांचं स्मारक आहे. किती मुंबईकरांनी ते पाहिलंय? शाळेतलं स्मारक तरी रोज मधल्या सुट्टीत मुलांच्या वाटेत यायला हवं.

पुढे प्लास्टरचा साचा, मग ओतशाळा. त्याआधी नमुना शाळेच्या समितीपुढे जाईल. जवानाला मान म्हणून चौथरा उंच करा, असा आग्रह तिथे होऊ शकतो. तो मान्य होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.