२३ नोव्हेंबर १९६३ : ब्रिटिश टेलिव्हिजनची एक संध्याकाळ

नोव्हेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये चारच्या सुमारासच दिवस मावळतो. २३ नोव्हेंबर १९६३ च्या शनिवारी तर सारा देश सुन्न होता. आदल्या दिवशी डॅलसमध्ये दुपारी साडेबारा वाजता राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा ब्रिटनमध्ये संध्याकाळचे साडेसहा झाले होते. ती बातमी दिल्यानंतरही बीबीसीने ठरलेला विनोदी कार्यक्रम तसाच दाखवला आणि प्रेक्षकांचा रोष ओढवून घेतला.

त्या काळी वाहिन्या दोनच होत्या, बीबीसी आणि आयटीव्ही. चित्र कृष्णधवल, ४०५ रेषांचे असे आणि संच लावल्यावर आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट पाहावी लागे. अशा संचांवर त्या शनिवारी, सव्वापाचला सुरू व्हायची असलेली एक नवी मालिका मिनिटभर उशिराने सुरू झाली. तिचे नाव 'डॉक्टर हू'; काळातून प्रवास करणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या गूढ प्रवाशाची ही विज्ञानकथा.

आधी ऐकू आली ती तिची सुरावट, आणि माझ्या मते त्या संध्याकाळची खरी किमया तिच्यातच आहे. रॉन ग्रेनर यांनी रचलेली ही चाल बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे कार्यक्रमांसाठी खास ध्वनी तयार करणाऱ्या विभागात, डेलिया डर्बिशायर यांनी डिक मिल्स यांच्या मदतीने प्रत्यक्षात आणली. सिंथेसायझर हाताशी नसल्यामुळे छेडलेल्या एका तारेचा आवाज, चाचणीच्या ऑसिलेटरचे (स्वर निर्माण करणाऱ्या विद्युत उपकरणाचे) स्वर आणि गाळून घेतलेला खरखराट यांतून एकेक स्वर टेपवर उतरवला गेला; मग त्या फिती पात्याने कापून, हव्या त्या लांबीच्या करून, एकमेकींना जोडण्यात आल्या. इतके करूनही डर्बिशायर यांचे नाव मालिकेच्या श्रेयनामावलीत यायला २०१३ साल उजाडावे लागले, तोवर त्या हयात नव्हत्या. हे मनाला लागते.

भाग दिग्दर्शित केला होता लखनौत जन्मलेल्या, अवघ्या चोवीस वर्षांच्या वारिस हुसेन यांनी. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट २७ वर्षांच्या होत्या. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी पहिले चित्रण नापसंत केले होते, म्हणून लाइम ग्रोव्ह स्टुडिओत १८ ऑक्टोबरला तो भाग पुन्हा चित्रित करावा लागला. डॉक्टरचे कालयान म्हणजे बाहेरून रस्त्यावरची साधी पोलिसांची पेटी, आणि दार उघडताच आत भले मोठे दालन! ही कल्पना घराघरांतल्या मुलांनी पहिल्यांदा पाहिली ती या शोकाच्या दिवशी.

रात्री उशिरा राजकारण्यांची टर उडवणारा 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज' हा कार्यक्रम लागे. त्या रात्री सूत्रसंचालक डेव्हिड फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळा उपहास बाजूला ठेवला आणि कार्यक्रम सुमारे वीस मिनिटांचाच केला. केनेडींच्या स्मरणार्थ त्याच दिवशी लिहिलेले गीत मिलिसेंट मार्टिन यांनी गायिले, तर ज्येष्ठ अभिनेत्री सिबिल थॉर्नडाइक यांनी जॅकलिन केनेडींना उद्देशून लिहिलेला मजकूर वाचला. नेमकी शब्दांची धार ज्यांची ओळख होती, त्यांनीच इतक्या संयमाने शोक व्यक्त करावा, याचे मोल मला फार वाटते. दुसऱ्या दिवशी अमेरिकेतील एनबीसीने हा कार्यक्रम आपल्या प्रेक्षकांना दाखवला.

'डॉक्टर हू'चा पहिला भाग मात्र अनेकांचा हुकला होता. ३० नोव्हेंबरला, पुढच्या शनिवारी, बीबीसीने तो पुन्हा दाखवला आणि त्याला लागूनच दुसरा भाग सुरू झाला.