‘पॅशन’ : सोस आणि सोसणे

नमस्कार, श्रोतेहो.

“गाणं हे माझं पॅशन आहे,” असे वाक्य आजकाल कोणत्याही तरुण कलावंताच्या मुलाखतीत हमखास ऐकू येते, आणि ध्यास, वेड, जिवापाड आवड हा त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मात्र गुड फ्रायडेच्या दुपारी वसईतल्या एखाद्या चर्चमध्ये गेलात, तर याच शब्दाचा जुना अर्थ तुमच्यासमोर उभा राहील. ख्रिस्ती धर्मात पॅशन म्हणजे येशू ख्रिस्ताने अटकेपासून क्रुसावरच्या मरणापर्यंत सोसलेल्या यातना. आपले मराठी ख्रिस्ती बांधव त्याला ‘दुःखसहन’ म्हणतात, आणि माझ्या मते मूळ शब्दाला इतका चोख मराठी शब्द दुसरा नाही.

लॅटिनमध्ये ‘पाती’ म्हणजे सोसणे, आणि त्यावरून झालेले नाम ‘पासिओ’. दुखणे सोसतो तो पेशंट, स्वतः काही न करता जे घडेल ते घडू देतो तो पॅसिव्ह, दुसऱ्याच्या दुःखात त्याच्यासोबत सोसणे ते कम्पॅशन, ही सगळी एकाच घरातली भावंडे आहेत. इंग्रजीत पॅशन हा शब्द आला तो प्रथम ख्रिस्ताच्या यातनांसाठीच. तीव्र भावना, प्रणय आणि हौस हे अर्थ त्याला नंतरच्या शतकांत चिकटले.

यातनेपासून हौसेपर्यंतचा हा प्रवास वरवर विचित्र वाटतो, पण मराठी माणसाला तो अवघड वाटू नये. आपण ‘मी राग करतो’ असेही म्हणतो, पण अधिक सहजपणे म्हणतो, ‘मला राग येतो’. राग येतो, भुरळ पडते, वेड लागते. भावना बाहेरून येते आणि माणूस तिच्या ताब्यात जातो. जुन्या युरोपीय विचारवंतांनीही भावनांना पॅशन म्हटले ते याच समजुतीने, की त्या आपण करत नाही, त्या आपल्यावर ओढवतात. आपल्याच भाषेत ‘सोसणे’ आणि ‘सोस’ हे दोन शब्द पाहा. एखादीला दागिन्यांचा सोस असतो आणि तीच बाई संसारात बरेच काही सोसते. या दोन शब्दांचे मूळ एकच आहे असा माझा दावा नाही. पण इंग्रजीने एका शब्दात जे दोन अर्थ कोंबले, ते मराठीत असे शेजारी शेजारी नांदतात. ज्ञानेश्वरांच्या ‘विश्वाचे आर्त माझे मनी प्रकाशले’ या ओळीतला ‘आर्त’ तर पीडा आणि ओढ हे दोन्ही अर्थ एकाच वेळी पेलतो.

धर्मग्रंथांच्या इंग्रजीत या दोन अर्थांची गाठ फार लक्षणीय रीतीने पडते. 1571 साली निश्चित झालेल्या इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांतले पहिलेच कलम सांगते की देव शरीर, अवयव आणि पॅशन यांविरहित आहे, म्हणजेच त्याच्यावर कशाचाही आघात किंवा विकार होऊ शकत नाही. त्याच चर्चच्या प्रार्थनापुस्तकात भक्त ख्रिस्ताला विनवतात की तुझ्या क्रुसाच्या आणि पॅशनच्या योगे आम्हांला तार. जो सोसू शकत नाही असा देव, आणि ज्याच्या सोसण्याने तरणोपाय होतो असा देव! ही केवळ शब्दांची विसंगती नव्हे; देव मनुष्य होऊन सोसतो हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाच तिथे दिसतो.

गुड फ्रायडेला योहानाच्या शुभवर्तमानातला हा दुःखसहनाचा भाग कॅथलिक चर्चमध्ये अनेकदा वेगवेगळ्या आवाजांत वाचला जातो. एक जण निवेदन करतो, येशूचे शब्द धर्मगुरू म्हणतात, आणि जमावाचे शब्द बऱ्याच ठिकाणी खुद्द उपासकांना म्हणावे लागतात. ज्याची पूजा करायला आलो, त्यालाच ‘क्रुसावर खिळा’ असे आपल्याच तोंडाने म्हणायचे. मग येशूने प्राण सोडल्याचे वाक्य येते, वाचन थांबते, सगळे गुडघे टेकतात आणि काही क्षण कोणी बोलत नाही. पॅशन या शब्दाचा धार्मिक अर्थ कोशापेक्षा त्या शांततेत अधिक नीट कळतो.

या वाचनातूनच पुढे संगीत आणि नाटक उभे राहिले. जर्मन संगीतकार बाखने लाइपझिगमध्ये योहान आणि मत्तय यांच्या वृत्तांतांवर रचलेल्या दोन भव्य संगीतकृतींना पॅशन असेच म्हणतात. जर्मनीतल्या ओबरआमरगाउ गावाने 1633 साली प्लेगच्या साथीत नवस केला आणि 1634 पासून तिथले गावकरी येशूच्या दुःखसहनाचे नाट्य करत आले आहेत. सर्वसाधारणपणे दर दहा वर्षांनी होणारा 2020 चा प्रयोग कोरोनामुळे 2022 मध्ये झाला. करबलात हुतात्मा झालेल्या इमाम हुसेन यांच्यावरील इराणी नाट्यालाही इंग्रजी अभ्यासक ‘पॅशन प्ले’च म्हणतात.

आपल्या मातीशी या कथेचे नाते मात्र याहून जवळचे आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आला, आणि ज्याच्या मातृभाषेत पॅशन हा शब्द होता त्याने ख्रिस्ताची कथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत सांगितली. 1616 साली छापलेले ते ‘क्रिस्तपुराण’.

आणि शेवटी एक फूल, जे तुमच्या कुंपणावरही असेल. दक्षिण अमेरिकेत स्पॅनिश मिशनऱ्यांनी एका वेलीचे फूल पाहिले आणि त्यात त्यांना दुःखसहन दिसले: मधल्या तंतूंचे कडे म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, वरची तीन टोके म्हणजे तीन खिळे. म्हणून त्याचे नाव पॅशन फ्लॉवर, आणि याच कुळातल्या फळाचे पॅशन फ्रूट. त्याचा प्रणयाशी काही संबंध नाही. तेच फूल आपल्याकडे आले आणि कृष्णकमळ झाले. आपल्या आजीने तेच तंतू दाखवून सांगितले, हे शंभर कौरव, हे पाच पांडव, आणि मधोमध तो कृष्ण.