नाशिकची जमीन, परदेशातली सही

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

इथे बसलेल्या नाशिककरांपैकी बऱ्याच जणांचा गंगापूर रोडला, इंदिरानगरला नाहीतर सिडकोत एखादा फ्लॅट आहे, किंवा दिंडोरी-निफाडकडच्या सामाईक सातबाऱ्यावर नाव तरी आहे. 2027 चा सिंहस्थ जवळ आलाय, रिंगरोडच्या भूसंपादनाची चर्चा आहे, आणि फोन सुरू झालेत. "तुमचा गट रस्त्यात जातोय, मोबदला लवकर काढून देतो." "वारसनोंद अडकलीय, आत आपला माणूस आहे." फोन करणारे सगळेच ठक नसतात. काहींचा कामाचा अनुभव खरा असतो, आणि इथून नाशिकला सीबीएसजवळच्या सरकारी कचेऱ्यांत हेलपाटे कोण घालणार? मदत लागतेच. तेव्हा माणूस गोड बोलतो की तिरसट, यात वेळ घालवू नका. तो कोणत्या कागदावर सही मागतोय, तेवढं बघा.

बहुतेक वेळा तो कागद असतो कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला, मुखत्याराला, देणारा दस्त. मसुदा तयार करून ईमेलने पाठवतात आणि म्हणतात, "वकिलातीत सही करून कुरिअर करा." तो मसुदा वाचायला घ्या. पहिली पाच-सहा कलमं साधी असतात: घरपट्टी भरणे, वीजबिल नावावर करणे, सोसायटीच्या सभेला जाणे. मग मध्येच एक लांबलचक वाक्य येतं: "सदर मिळकतीबाबत साठेखत, खरेदीखत, गहाणखत करून देणे, मोबदला स्वीकारून पावती देणे, दस्त नोंदवून देणे, तसेच बदली मुखत्यार नेमणे." म्हणजे घरपट्टी भरायला नेमलेला माणूस तुमचं घर विकू शकतो, पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ शकतो आणि हे सगळं तुम्ही कधी न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाकडे सोपवू शकतो. शेवटी "मोबदला मिळाल्याने हे मुखत्यारपत्र रद्द न होणारे आहे" असं असेल, तर तो मसुदा तिथेच बाजूला ठेवा. भारतीय करार कायद्याच्या कलम 202 प्रमाणे, मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत असेल तर तुम्हाला त्याची नेमणूक एकतर्फी रद्द करता येत नाही. म्हणून "आगाऊ म्हणून हे पन्नास हजार ठेवा" हा दिलदारपणा नसतो, ती पुढची तजवीज असते.

वकिलातीचा शिक्का पाहून घरचे निर्धास्त होतात. तो शिक्का एवढंच सांगतो की सही तुमची आहे आणि ती अधिकाऱ्यासमोर झाली. आतला मजकूर बरा की वाईट, हे तिथे कोणी तपासत नाही.

मुखत्यारपत्र हवंच असेल तर खास करा, एका कामापुरतं. गाव, तालुका, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहा. फ्लॅट असेल तर मजला आणि चटई क्षेत्र. काम एका वाक्यात, मुदत तारखेसकट. विक्रीचाच अधिकार द्यायचा असेल तर किमान किंमत घाला, आणि मोबदला फक्त तुमच्या एनआरओ खात्यातच (अनिवासी भारतीयाचं भारतातलं रुपया खातं) जमा होईल असं खाते क्रमांकासह लिहा. बदली मुखत्यार नेमता येणार नाही, हे स्पष्ट लिहा. तुमचा आणि मुखत्याराचा फोटो, प्रत्येक पानावर सही, दोन साक्षीदार. मसुदा नाशिकच्या अशा वकिलाकडून करून घ्या, ज्याची फी तुम्ही स्वतः दिली आहे. एजंटने आणलेला वकील एजंटचा असतो.

सही दोन तऱ्हांनी होते. एक भारतीय वकिलातीत. दुसरी स्थानिक नोटरीसमोर, आणि मग त्या देशाचं अपोस्टील, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र. अपोस्टील मानणाऱ्या हेग करारात भारत 2005 पासून आहे, कॅनडा 2024 पासून. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही, तेव्हा दुबईकरांनी वकिलातच गाठावी. जर्मनीत राहणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते: जर्मनी करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला त्यांनी हरकत घेतली होती, त्यामुळे या दोन देशांत अपोस्टील चालत नाही. तिथेही वकिलातच.

कागद नाशिकला पोचला की घड्याळ सुरू होतं. परदेशात केलेल्या दस्तावर तो राज्यात आल्यापासून 3 महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. कुरिअरचं पाकीट तारखेसकट जपून ठेवा, पोचल्याचा पुरावा तोच. विक्रीचा अधिकार आई-वडील, भाऊ, बहीण, नवरा-बायको, मुलगी अशा जवळच्या नात्यात दिला तर शुल्क 500 रुपये. परक्याला दिला तर खरेदीखताइतकं. एजंट हे शुल्क टाळायला "दूरचा भाऊ" होतो, मग दस्त नोंदवताना नातं सिद्ध करायची वेळ येते. चलन ग्रासवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन भरणा संकेतस्थळावर, भरलं असेल तर त्याचा जीआरएन क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः तपासा. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसची जुनी यंत्रं हाती लागल्यावर अब्दुल करीम तेलगीने बनावट मुद्रांक छापून कसे विकले, ते या गावच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मुखत्यारपत्रावर "विकलेली" जमीनही ऑफर करतात. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात सांगून टाकलंय की मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखत लागतं. आणि शेतीचं म्हणाल, तर अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक) यांना भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने मिळू शकते. गंगापूर धरणाजवळचा "द्राक्षबागेतला प्लॉट, एनआरआय स्पेशल" ही जाहिरात इथेच संपते. "मग माझ्या पुतण्याच्या नावावर घेऊ, पैसे तुमचे" ही पुढची पायरी बेनामी कायद्यात अडकवणारी. वारसाने आलेली शेतजमीन विकायची झाली तरी भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि महाराष्ट्रात साधारणपणे तो शेतकरीही असावा लागतो.

आता ज्या कामांचे एजंट हजारो रुपये मागतात, त्यांचे खरे दर. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत निघतो आणि तो सगळीकडे चालतो. बिनसहीचा उतारा फक्त पाहण्यापुरता. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, गाव, गट नंबर आणि वर्ष टाकून सूची क्रमांक 2 फुकट शोधता येते, म्हणजे तुमच्या मिळकतीवर कुठला दस्त नोंदला गेलाय ते कळतं. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, ऑनलाइन, भारतीय नागरिक असाल तर. "तलाठ्याला द्यावे लागतात" असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा, 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर 7 दिवसांत कळवावं लागतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064.

वारसनोंदीचं जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच. मृत्यूचा दाखला, सातबारा, 8अ (खातेउतारा), आणि सर्व वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र. अर्ज महसूल विभागाच्या ई-हक्क या ऑनलाइन सेवेवरून होतो. बिघडतं कुठे? गावातला वारस प्रतिज्ञापत्र करतो आणि परदेशातल्या भावाचं, बहुधा बहिणीचं, नाव गाळतो. कधी लबाडीने, कधी "ती काय येणार आहे" म्हणून. फेरफार नोंदवहीत, म्हणजे मालकीतल्या बदलांच्या वहीत, नोंद धरली की हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते. ती गावातल्या पत्त्यावर जाते, तुम्हाला कळत नाही, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करून टाकतात. म्हणून महिन्यातून एकदा "आपली चावडी" हे सरकारी संकेतस्थळ उघडा. तिथे जिल्हा, तालुका, गाव निवडलं की प्रलंबित फेरफार दिसतात. आपला गट दिसला तर लेखी हरकत त्याच मुदतीत द्या, ती तक्रारी नोंद होते. नोंद होऊन गेली असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील, आणि उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत. नुसत्या हस्तदोषासाठी, म्हणजे पासपोर्टवर दत्तात्रय आणि सातबाऱ्यावर दत्तू, जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्ती होते. ती विकायच्या आधी करा. भूसंपादनाचा मोबदलाही रेकॉर्डवरच्या नावालाच मिळतो, आणि वडिलांचंच नाव राहिलं असेल तर पैसे वाद मिटेपर्यंत पडून राहतात. "लवकर काढून देतो" म्हणणाऱ्याचं टक्केवारीचं दुकान याच दिरंगाईवर चालतं.

फ्लॅट विकताना खरेदीदार बऱ्याचदा 50 लाखांवरच्या व्यवहारातला 1 टक्का टीडीएस कापतो. ती तरतूद निवासी विक्रेत्यासाठी आहे. अनिवासी विक्रेत्याला ती लागू नाही, कपात जास्त होते. ती कमी करायची तर सौद्याआधी आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला घ्या. ऐन दिवशी सीए शोधायला निघाल्यावर हा दाखला मिळत नाही.

काम झालं की मूळ मुखत्यारपत्र परत मागवा. देत नसेल तर रद्दपत्र करून त्याची प्रत मुखत्याराला, संबंधित दुय्यम निबंधकांना आणि सोसायटीला पोचपावतीसह पाठवा, स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या, आणि पुढचे काही महिने सूची क्रमांक 2 तपासत रहा.