चंदीगडची खुर्ची, मुंबईच्या रंध्याखाली

रे रोडच्या वखारीतून आणलेल्या सागाच्या फळीवर रंधा फिरतो आहे. मुंबईच्या या लहानशा कारखान्यात आज जी खुर्ची घडते आहे, तिचा आराखडा मात्र चंदीगडचा आहे. स्विस वास्तुविशारद पिएर जान्नरे १९५१ मध्ये, नात्याने भाऊ लागणाऱ्या वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्याबरोबर ते नवे शहर उभारण्याच्या कामासाठी आले आणि १९६५ पर्यंत राहिले. पूर्वी पॅरिसमध्ये या दोघांनी फर्निचर-रचनाकार शार्लोट पेरियाँ यांच्यासह पोलादी नळ्यांच्या खुर्च्या केल्या होत्या. चंदीगडमध्ये सचिवालयापासून विद्यापीठापर्यंत हजारो खुर्च्या हव्या होत्या, आणि हाताशी होते साग, वेत आणि सुतार. वास्तुविशारद उर्मिला युली चौधरी यांच्यासारख्या सहकाऱ्यांचाही या आखणीत वाटा होता.

कंपासपेटीतले कर्कटक उघडून उभे करावे, तसे या खुर्चीचे प्रत्येक बाजूचे दोन पाय खाली फाकतात आणि वर हाताच्या पट्टीखाली एकत्र येतात. मधल्या आडव्या पट्टीमुळे तेथे त्रिकोण तयार होतो. चौकोनी सांगाडा रेटला की तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. त्यामुळे बसणारा कितीही रेलला तरी सांधे सहजी ढिले पडत नाहीत. बैठक आणि पाठ वेताने विणलेली असल्याने हवा खेळती राहते, आणि मुंबईच्या मे महिन्यात त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आपल्या इराणी हॉटेलांतली खुर्चीही देखणीच, पण तिचे लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवावे लागते. जान्नरे यांच्या खुर्चीचे बहुतेक भाग सरळ आहेत, म्हणून करवत, पटाशी आणि रंधा यांवर काम भागते. माझ्या मते या रचनेचे खरे कौशल्य हेच, की ती अनेक अनोळखी सुतारांच्या हातून घडणार हे धरूनच आखली गेली. जुन्या खुर्च्यांत पायांची जाडी थोडी कमीअधिक आढळते, ती यामुळेच.

पुढे यांतल्या कित्येक खुर्च्या भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या आणि परदेशी लिलावांत लाखांच्या घरात पोहोचल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने त्यांची निर्यात रोखली. मुंबईच्या सॅफ्रनआर्टच्या लिलावांतही त्या दिसल्या आहेत. जाणकार ग्राहक आधी खुर्चीची मागची बाजू पाहतो, कारण तेथे कार्यालयाची अक्षरे आणि क्रमांक रंगवलेले असतात.

या कारखान्यातले सुतारकाका मात्र मागे पाहत नाहीत. पाय जिथे जुळतात, तो सांधा ते आधी अंगठ्याने चाचपतात.