जाब नगरसेवकाला, अधिकार कुणाकडे?

[दृश्य : सकाळची वेळ, वस्तीतील तुंबलेली गडर लाइन, भोवती जमलेले रहिवासी]

नागपुरात गडर लाइन म्हणजे सांडपाण्याची वाहिनी तुंबली, नळाला पाणी आले नाही किंवा पथदिवा बंद पडला, की पहिला फोन नगरसेवकाला जातो. ते काम नेमके कोणत्या यंत्रणेचे, हे फोन करणाऱ्याला ठाऊक नसते आणि ते त्याला ठाऊक असावे, अशी अपेक्षा धरणेही रास्त नाही. नगरसेवकाला मात्र ते माहीत असावेच लागते. पाणीपुरवठ्याचे दैनंदिन काम ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी पाहते, गुंठेवारीतील, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे पाडून वसलेल्या, अनेक ले-आऊटची कामे नागपूर सुधार प्रन्यास या शहर विकास संस्थेच्या कार्यालयात अडकलेली असतात, विजेचे खांब महावितरणचे असतात आणि शहरातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाच्या खड्ड्याबाबत महापालिकेच्या अभियंत्याला विचारून काही हाती लागत नाही. मते मागायला यांपैकी कुणीही दारात येत नाही. येतो तो नगरसेवक, म्हणून राग निघतो तोही त्याच्यावरच.

[दृश्य : महालातील नगर भवन]

2 मार्च 1951 रोजी नागपूर महापालिका अस्तित्वात आली. 1993 मध्ये अंमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभाराला घटनात्मक दर्जा दिला, बाराव्या अनुसूचीत 18 विषय नमूद केले आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असेही स्पष्ट लिहून ठेवले. प्रत्यक्षात 2017 मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात राहिला आणि पुढील मतदान थेट जानेवारी 2026 मध्ये झाले. तोवर शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता.

[दृश्य : अंबाझरी तलाव, नाग नदीचे पात्र]

याच काळात, 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा वस्त्यांतील घरांत पाणी शिरले. प्रशासनाने काम केले नाही, असे येथे सुचवायचे नाही. मात्र पुराची जबाबदारी कुणाची, हे सभागृहात उभे राहून विचारणारा एकही लोकनियुक्त सदस्य तेव्हा नव्हता. होते ते माजी नगरसेवक, आणि माजी नगरसेवकाच्या पत्राला उत्तर देण्याचे बंधन कुणावरही नसते.

आता सभागृह आहे, पण त्याची रचनाही विचार करायला लावणारी आहे. 151 सदस्य 38 प्रभागांतून निवडले जातात; 37 प्रभागांत प्रत्येकी चार आणि एका प्रभागात तीन. एकाच गल्लीचे चार नगरसेवक असल्यावर श्रेयाच्या फलकावर चौघांचीही छायाचित्रे येतात, तक्रार मात्र चौघांकडे फिरत राहते. शिवाय निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्याने अनेक सदस्या प्रथमच सभागृहात येतात, आणि त्यांच्याऐवजी पतीनेच झोन कार्यालयात बसण्याची जुनी सवय आपल्याकडे अजून पुरती सुटलेली नाही.

[दृश्य : अंदाजपत्रकाची प्रत, पाने उलटणारा हात]

खरी कसोटी अंदाजपत्रकाची असते. जकात गेली, 2013 मध्ये एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही रद्द झाला आणि आता राज्याकडून मिळणाऱ्या जीएसटी अनुदानावर महापालिकेची मोठी भिस्त आहे. तरतूद दाखवली आणि पैसाच आला नाही, तर मंजूर झालेला रस्ता कागदावरच राहतो. अंदाजपत्रकातील जमेची, म्हणजे उत्पन्नाची, बाजू वाचता न येणारा सदस्य मग वर्षभर फाईलमागे धावत राहतो. पुण्याची यशदा ही संस्था लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देते. तसे प्रशिक्षण निवडणुकीनंतर एकदाच उरकण्याऐवजी दरवर्षी अंदाजपत्रकापूर्वी झाले आणि त्यात आपल्याच महापालिकेची आकडेवारी समोर ठेवली गेली, तर त्याचा उपयोग होईल. सत्कार आणि अभ्यासदौरे यांची आपल्याकडे तशीही उणीव नाही.

[दृश्य : झोन कार्यालयाचा सूचनाफलक]

शहरात लक्ष्मीनगरपासून मंगळवारीपर्यंत 10 झोन आहेत. प्रत्येक झोनने दर महिन्याला मंजूर, सुरू आणि रखडलेल्या कामांचे विवरण, जबाबदार यंत्रणेच्या नावासह, सुबोध मराठीत सर्व सदस्यांना द्यावे आणि तेच विवरण सूचनाफलकावरही लावावे. त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. आयुक्तांचे एक परिपत्रक पुरेसे आहे.