उठायचं कधी, हे फोन ठरवतो
(ठाण्यात, नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या सभागृहात झालेल्या गप्पावजा व्याख्यानातून)

मंडळी, चहा येईपर्यंत सुरुवात करू. हॉलमध्ये एक वायफाय आणि आतल्या खोलीत दुसरं, असं कोणाकोणाकडे आहे? बरेच हात वर आले. दोन फ्लॅट जोडून घेतले की हे होतंच.

आमच्याकडेही होतं. व्हिडिओ कॉलवर बोलत पॅसेजमध्ये गेलो की चित्र गोठायचं. आई म्हणायची, "आत गेलं की तुझं नेट रुसतं." चूक माझीच होती. दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी मी चालू ठेवलं होतं, म्हणजे घरात पत्ते वाटणारे दोन पोस्टमन. खोली बदलली की फोनला नवा आयपी पत्ता मिळायचा आणि कॉल तुटायचा. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, मग पत्ते पहिलाच वाटेल. दोन्हीकडे वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अगदी सारखा हवा. चॅनल, म्हणजे राउटर वापरतो ती रेडिओ लहरींची पट्टी, मात्र वेगळा. २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ आणि ११ हेच एकमेकांच्या पायात येत नाहीत.

एवढं करूनही फोन हॉलच्याच राउटरला चिकटून बसतो. का? कारण कुठे जोडायचं हे राउटर नाही, फोन ठरवतो. ठाण्याला स्लो लोकलमध्ये खिडकी मिळालेला माणूस शेजारी फास्ट लागली तरी उठतो का? आयफोनचंच बघा. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात, उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरात. सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली गेल्याशिवाय तो दुसरा शोधायलाच लागत नाही. शोधला तरी डेटा चालू असताना नवा ८ डेसिबलने सरस हवा, डेटा चालू नसेल तर १२.

आणि आपण काय करतो? रेंज हवी म्हणून पॉवर फुल्ल. मग बेडरूममध्येही हॉलचा सिग्नल उणे ६५ दिसतो, फोन कशाला उठेल? पॉवर कमी करा, विशेषतः २.४ची. दोन्ही राउटरची हद्द जिथे मिळते, तिथे उणे ६७च्या आसपास सिग्नल आला की झालं. डीबीएम दाखवणारं ॲप घ्या आणि घरभर फिरा. घरचे हसतील, हसू द्या.

आता राउटरच्या खोक्यावर छापलेली ती अक्षरं: ८०२.११ के, व्ही आणि आर, म्हणजे फोनला राउटर बदलायला मदत करणाऱ्या सोयी. के म्हणजे फलाटावरचा इंडिकेटर, आसपास कोणते राउटर आहेत ते सांगतो. व्ही म्हणजे उद्घोषणा, 'त्या राउटरवर जा' असं फोनला सुचवणारी. ऐकणारा ऐकतो, न ऐकणारा बसून राहतो. आर म्हणजे पास, राउटर बदलताना ओळख पटवायच्या, तिकिटासारख्या रांगेत पुन्हा पूर्ण वेळ उभं राहायला नको. पण साध्या पासवर्डच्या घरगुती नेटवर्कवर ती रांग मुळातच छोटी असते. आरचा खरा उपयोग ऑफिसात. शिवाय काही जुने प्रिंटर आर चालू असलं की जोडलेच जात नाहीत. म्हणून के-व्ही चालू करा, आर सगळ्यात शेवटी.

दोन राउटरमधली वायर मात्र टाळू नका. एकाच रेडिओवर चालणारा रिपीटर, म्हणजे वायफाय हवेतून उचलून पुढे पाठवणारा डबा, वेग साधारण निम्म्यावर आणतो, त्यात आपल्या आरसीसीच्या भिंती. टीव्हीची केबल गेली आहे त्याच पाइपातून कॅट ६ ही नेटवर्कची केबल ओढून घ्या. १०० मीटरपर्यंत चालते, एवढा लांब फ्लॅट ठाण्यात कोणाचा असेल तर मला जेवायला बोलवा.

चहा आला वाटतं. प्रश्न घेतो, पण आधी पहिल्या मजल्यावरच्या काकांकडे जाऊन येतो. त्यांचा राउटर टीव्हीच्या मागे, गोदरेजच्या कपाटाला टेकून बसलाय.