गोवा पावडर आणि नायट्याची कडा

(डिचोलीतल्या एका वाचनालयात चवथीनंतरच्या आठवड्यात एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी कातडीचे रोग कसे ओळखायचे यावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आत येताना दारातच एका काकांनी बाही वर सारली आणि विचारलं, "डॉक्टर, एवढं बघून सांगा, कुठली ट्यूब लावू?" मी बघितलं आणि काही बोलले नाही. काका जरा रागावलेले दिसतात. पहिल्याच रांगेत बसलेत, तर आधी त्यांचंच घेते. काका, तिथे जिन्यातला पिवळा बल्ब होता. पिवळ्या उजेडात लाली कळत नाही आणि फिकट डाग तर दिसतच नाहीत. त्यात तुमच्या हातावर काहीतरी चोपडलेलं होतं, चकाकत होतं. औषध लावलेल्या कातडीवरून निदान करायचं म्हणजे खाडाखोड केलेलं पत्र वाचायचं.

आता गोव्याची एक गोष्ट सांगते, कारण आपल्या गावाचं नाव वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात फार ठिकाणी येत नाही. ब्राझीलच्या बाहिया भागात एक झाड आहे, अरारोबा. त्याच्या खोडातल्या पोकळ्यांमध्ये पिवळसर भुकटी साठते. पोर्तुगीज जहाजांतून ती इकडे आली, इथून पुढे गेली आणि जगभर 'गोवा पावडर' या नावानं ओळखली गेली. झाड ब्राझीलचं, नाव आपलं! नायट्यावर म्हणजे गजकर्णावर ती लावायचे. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये बाल्मानो स्क्वायर नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडच्या एका रुग्णाला नायटा समजून ही पावडर लावली गेली आणि डाग सुधारले. पण तो नायटा नव्हताच, सोरायसिस हा कातडीचा दुसराच आजार होता. हे 1876 च्या सुमाराचं. पुढे त्या भुकटीतलं क्रायसारोबिन हे द्रव्य सोरायसिसचं औषध म्हणून रूढ झालं. पहिल्या महायुद्धात त्याचा तुटवडा पडला तेव्हा, 1916 साली, जर्मनीत त्याच्यासारखं डायथ्रॅनॉल तयार केलं गेलं. ते अजूनही वापरात आहे. कपड्यांना त्याचे तपकिरी डाग पडतात, ते काही केल्या जात नाहीत.

चुकलेल्या निदानातून औषध सापडलं, असं नशीब रोज लागत नाही. माझ्या ओपीडीत उलटंच घडतं. नायट्यावर सोरायसिसचं औषध लावलं जातं आणि माणूस सहा महिने खाजवत बसतो.

या दोघांची गल्लत का होते? दोन्ही गोल, दोन्ही लालसर, दोन्हींवर खपल्या. फरक कडेला असतो. नायट्याची बुरशी मधून बाहेर सरकत जाते, पाण्यात खडा टाकल्यावर वलयं पसरावीत तशी. त्यामुळे मध्यभाग निवळलेला आणि कडा उठावदार, बारीक पुटकुळ्यांची, खपलीची. सोरायसिसचा चट्टा सगळीकडे सारखाच जाड, वर चंदेरी खपल्या, मुक्काम बहुतेक कोपर, गुडघा, डोक्याची कातडी. नखांवर सुईनं टोचल्यासारखे खळगे दिसले तर माझा संशय बळावतो. म्हणून हात दाखवायला आलेल्या माणसाला मी चपला काढायला सांगते, केस बाजूला करायला सांगते. लोक बुचकळ्यात पडतात. एक आजी म्हणाल्या, "दुखतंय हाताला, बघतेस पायाला!"

डोळ्यांनी नक्की होईना तर खरवडून बघायचं. ही आमची सगळ्यात स्वस्त तपासणी. बोथट पात्यानं कडेच्या खपल्या काचपट्टीवर घ्यायच्या, मधल्या नाही, कारण बुरशी कडेला असते. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, वर पातळ काच, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. तो क्षार कातडीच्या पेशी विरघळवून पारदर्शक करतो, बुरशीला मात्र काही होत नाही. मग सूक्ष्मदर्शकात धूसर पेशींच्या फरशीवरून आडव्यातिडव्या गेलेल्या, फांद्या फुटलेल्या, काचेच्या दोऱ्यांसारख्या तारा दिसतात. मी रुग्णालाही दाखवते. सत्तरी तालुक्यातून आलेला एक काजू बागायतदार बराच वेळ डोळा लावून बसला आणि म्हणाला, "दोतोर, हें म्हज्या आंगार आशिल्लें?" त्यानंतर त्यानं एकही गोळी चुकवली नाही.

आता त्या ट्यूबबद्दल. औषधाच्या दुकानात "खाज येते" म्हटलं की जी मिळते, तिच्यात बऱ्याचदा तीन-चार औषधं एकत्र असतात: बुरशीचं, जिवाणूचं आणि एक जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइड वाईट नाही, मी स्वतः रोज लिहून देते, इसबावर त्याच्यासारखं दुसरं औषध नाही. पण नायट्यावर ते लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, लाली मरते, कडा पुसली जाते आणि बुरशी आत सुखानं वाढते. ट्यूब बंद केली की दुप्पट पसरून बाहेर येते. माणूस म्हणतो, औषध लागू पडलं होतं, पुन्हा तेच लावतो. मांड्यांच्या सांध्यात कातडी पातळ होऊन कायमच्या रेघा उठतात, त्या मागाहून कशानंच जात नाहीत. 2018 साली सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. कागदावर ठरलंय. आपल्या देशातली नायट्याची बुरशीही आता जुनी राहिली नाही. 2020 साली जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांमधल्या एका प्रकाराला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव दिलं. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला तो बऱ्याचदा दाद देत नाही. नावात भारत आला याचा अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट नव्हे.

पांढऱ्या डागांकडे येते. इथे खाज नसते, भीती असते. एक आई मुलीला घेऊन येते, गालावर फिकट डाग, आणि पहिला प्रश्न हळू आवाजात: "कोड नाही ना?" बहुतेक वेळा नसतं. आपल्या दमट हवेत सगळ्यात जास्त दिसतात ती शिबं. छाती, पाठ, मान इथे फिकट किंवा तपकिरी ठिपके. नखानं हलकेच खरवडलं की पिठासारखा भुसा पडतो. तेही बुरशीचंच काम, पण ही बुरशी आपल्या सगळ्यांच्या अंगावर मुक्कामाला असते, घाम वाढला की माजते. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, भुसा नाही, कधी त्यावरचे केसही पांढरे. शंका असली तर अंधाऱ्या खोलीत वूडचा दिवा लावते. रॉबर्ट वूड हे अमेरिकन पदार्थवैज्ञानिक, त्यांच्या फिल्टरमधून फक्त अतिनील किरणं बाहेर पडतात. कातडीसाठी तो 1925 पासून वापरतात. त्या उजेडात कोडाचा डाग खडूसारखा झगझगीत दिसतो, शिबं पिवळट सोनेरी. तिकडे जाताना पांढरा शर्ट घालू नका, तोच जास्त चमकतो.

तिसरा फिकट डाग कुष्ठरोगाचा. तो पूर्ण पांढरा कधीच नसतो, नुसता मळका, फिका, आणि त्याला स्पर्श कळत नाही. कापसाचं टोक पिळून मी डोळे मिटलेल्या माणसाच्या कातडीला लावते आणि सांगते, लागेल तिथे बोट ठेवा. चांगल्या कातडीवर बोट बरोबर येतं. डागावर लावलं की माणूस शांत बसून राहतो, आपली वाट बघत. ती शांतता म्हणजेच निदान. मग कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपते, जाड झाली आहे का बघते, लागलं तर कातडीतला द्रव काचेवर घेऊन जंतू शोधते. चेहऱ्यावर मज्जातंतूंचं जाळं दाट असतं, तिथे स्पर्श शाबूत असूनही रोग असू शकतो, म्हणून नुसत्या कापसावर विसंबत नाही. आपल्या गोव्यातल्या मकाझानला डॉ. फ्रोइलानो द मेलो यांनी कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभं केलं त्या काळी आयुष्यभर वेगळं राहण्यापलीकडे फारसं काही हातात नव्हतं. आज गोळ्या सहा महिने किंवा वर्षभर, सरकारी दवाखान्यात फुकट, आणि माणूस घरीच राहतो. तरी लोक येतात उशिरा, बोट वाकल्यावर. त्या डागाला खाज नाही, दुखत नाही, मग कोण येणार?

खरजेचं उलट. ती सगळ्यांना रात्री जागवते. मादी कीडा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, कातडीत बोगदा खणून अंडी घालतो. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबी, कंबर बघायची. पण निदान मी निम्मं प्रश्नांवर करते: घरात आणखी कोणाला? रात्री जास्त? पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे आज जो खाजवत नाही तोही कीडा बाळगून असू शकतो. म्हणून मलम घरातल्या सगळ्यांना, त्याच रात्री, गळ्यापासून पायाच्या तळव्यापर्यंत. एका घरात सून तीनदा औषध लावून थकली होती. सासूबाईंनी लावलंच नव्हतं: "मला काय झालंय?" चौथ्यांदा मी सासूबाईंना बोलावून घेतलं.

नागीण. नाव घेतलं की सभागृह शांत होतं, बघा! दोन तोंडं जुळली की माणूस जातो, असं अजून कोणीतरी सांगतंच. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू एका नसेच्या मुळाशी झोपलेला असतो, म्हातारपणी किंवा शरीर खचल्यावर उठतो आणि त्याच नसेच्या वाटेनं बाहेर येतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूला, पुढून मागे मध्यरेषेपर्यंत. तोंडं जुळणार कशी? घाबरायचं ते डोळ्याजवळच्या नागिणीला, आणि गेरू लावून घालवलेल्या दिवसांना, कारण गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी.

अंगावर पित्त उठतं त्याच्यासाठी तपासणीचं साधन तुमच्या खिशात आहे. आपल्याकडे लगेच कोकमाचं आगळ लावतात, लावा, थंड वाटतं. पण आधी एका गांधीभोवती, म्हणजे उठलेल्या फुगवट्याभोवती, बॉलपेननं गोल काढा आणि वेळ लिहा. चोवीस तासांत ती गांधी विरून दुसरीकडे उठली तर ते पित्त. तिथेच राहिली, मागे काळपट वळ सोडला, तर वेगळा विचार, कदाचित कातडीचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेऊन तपासावा लागेल.

चवथ आत्ताच झाली, म्हणून टिकलीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. कपाळावर टिकलीच्याच मापाचा पांढरा गोल घेऊन बायका येतात. काहींच्या कातडीला टिकलीच्या गोंदातलं पॅरा टर्शरी ब्यूटाइल फेनॉल मानवत नाही, रंग बनवणाऱ्या पेशीच मरतात. डाग ज्या आकाराचा, कारण त्या आकाराचं, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच कळतं. बेंबीखाली खाज असली तर जीन्सचं बटण, म्हणजे निकेल. पावलावर इंग्रजी व्ही, तर चपलेचा पट्टा. काजूच्या दिवसांत बोटं काळी पडून सोलतात ती टरफलातल्या तेलानं. बिबा उततो तोच प्रकार, काजू, बिबा आणि आंबा एकाच कुळातले. कारण सापडत नसेल तर पॅच टेस्ट: जर्मनीतल्या जोझेफ याडासोन यांनी 1895 साली मांडलेली पद्धत. संशयित पदार्थांचे ठिपके पाठीवर चिकटवायचे, अठ्ठेचाळीस तास पाठ भिजवायची नाही, मग काढून बघायचं, पुन्हा दोन दिवसांनी बघायचं. एप्रिल-मेमध्ये मी शक्यतो करत नाही. घामानं निम्म्या पट्ट्या रात्रीच गळून अंथरुणात सापडतात.

वेळ संपत आली, प्रश्न घेते. हां, काका, बोला... सोमवारी या, सकाळी, उजेडात. तोपर्यंत हाताला काही लावू नका, तेल नाही, पावडर नाही. घरात आणखी कोणाला खाजतंय का, रात्री विचारून या. आणि ती ट्यूब बरोबर आणा, संपलेली असली तरी. मला तिच्या मागची बारीक अक्षरं वाचायची आहेत.